अशिलावांचून वकील

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. या म्हणींत शहाणपण आहे तसा व्यवहारी हिशेबहि आहे. ज्याचे दहा हजार रुपये अडकले तो ते सोडविण्यासाठीं हजार-दोन हजार खर्चण्याचें धाडस एखादे वेळीं करील. पण ज्याचे शंभरच रुपये बुडाले त्यानें काय करावें? मुद्रांक, वकिलाची फी आणि तारखांचे हेलपाटे यांतच शंभराचे पांचशें जावयाचे. म्हणून तो नशिबाला बोल लावून घरीं बसतो. आणि ज्यानें एकाच युक्तीनें एक लक्ष लोकांचे असे शंभर शंभर रुपये बुडविले, त्याच्या पदरांत एक कोट रुपये बिनबोभाट पडतात. एकट्याचें मोठें नुकसान केलें तर फिर्याद होते, पुष्कळांचें थोडथोडें केलें तर होत नाहीं, ही न्यायाच्या राज्यांतील फार जुनी फट आहे.

ती बुजविण्याचा एक उपाय इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयांत पूर्वींच निघाला होता. अनेकांची तक्रार एकच असेल तर त्यांच्यापैकीं एकानें सर्वांच्या वतीनें उभें राहावें, म्हणजे झालें. हिंदुस्थानांतहि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेंत पहिल्या ऑर्डरच्या आठव्या नियमानें ही सोय केलेली आहे. पण या रोपट्याचा वटवृक्ष केला तो अमेरिकेनें. तेथील संघराज्याच्या न्यायालयांसाठीं १९३८ सालीं जे दिवाणी नियम झाले त्यांपैकीं तेविसावा नियम सामुदायिक दाव्याचा. १९६६ सालीं त्याची पुनर्रचना झाली, तेव्हां दिसण्यांत लहान पण परिणामानें फार मोठा असा एक फरक करण्यांत आला. भरपाईच्या दाव्यांत पूर्वीं ज्याला सामील व्हावयाचें असेल त्याला पुढें यावें लागे. आतां ज्याला बाहेर पडावयाचें असेल त्यानेंच तसें कळवावें, गप्प बसणारा आंतच धरला जावा, असें ठरलें. गप्प बसणें हा तर सामान्य माणसाचा स्वभावच. त्या एका फेरबदलानें लाखों मुके लोक एका दिवसांत वादी होऊं लागले.

मग या मुक्या वाद्यांचा वकील कोण? त्याला नेमतो कोण आणि त्याच्यावर लक्ष ठेवतो कोण? या प्रश्नांचीं उत्तरें ज्यानें आपल्या पद्धतीनें दिलीं, त्यांतून अमाप संपत्ति व दरारा मिळविला, आणि शेवटीं त्याच प्रश्नांपायीं ज्याला तुरुंगाची वाट धरावी लागली, तो विल्यम लेरॅक.

लेरॅकचा जन्म १९४६ सालचा, पोलादाच्या कारखान्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या पिट्सबर्ग शहरांतला. तेथल्याच विद्यापीठांतून १९७० सालीं कायद्याची पदवी घेऊन तो शहरांतील एका जुन्या, प्रतिष्ठित वकिली पेढींत शिरला. या पेढीचें काम कंपन्यांचा बचाव करण्याचें. तें त्यानें चांगलें केलें. आणि असेंच एक काम करीत असतांना कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो शहरीं त्याची गांठ विरुद्ध बाजूच्या मेल्विन वाइसशीं पडली. वाइस हा त्याच्याहून अकरा वर्षांनीं वडील, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत जन्मलेला. लॉरेन्स मिलबर्ग याच्याबरोबर त्यानें १९६५ सालीं 'मिलबर्ग वाइस' ही पेढी काढली होती आणि फसलेल्या भागधारकांचे दावे चालविणें हाच तिचा धंदा होता. प्रतिवादीच्या बाकावर बसून लेरॅकनें त्या दाव्यांत काय काय पाहिलें असेल तें असो. १९७६ सालीं त्यानें बाक बदलला. वाइसच्या पेढीची पश्चिम किनाऱ्यावरील शाखा सॅन डिएगो येथें उघडली आणि लेरॅक तिचा कर्ता झाला.

त्याच्या आरंभींच्या कामांपैकीं एकाची हकीकत सांगण्याजोगी आहे. मेथॉडिस्ट पंथाच्या नांवाशीं निगडित अशी पॅसिफिक होम्स ही संस्था वृद्धांसाठीं निवासगृहें चालवीत असे. म्हाताऱ्या माणसांनीं आयुष्याची पुंजी एकरकमी संस्थेच्या हवालीं करावी आणि संस्थेनें त्यांना मरेपर्यंत सांभाळावें, असा करार असे. १९७७ सालीं संस्थेचें दिवाळें निघालें. पुंजी गेलेली, वय झालेलें, अशा या माणसांनीं एकेकट्यानें कोणावर फिर्याद करावी? लेरॅकनें त्या सर्वांच्या वतीनें दावा चालविला. आणि नुसत्या दिवाळखोर संस्थेवर नव्हे, तर तिच्यामागें उभ्या असलेल्या धर्मसंस्थेवर चालविला. धर्मसंस्थेला असें कोर्टांत खेंचतां येतें कीं नाहीं, याचाच प्रथम मोठा वाद झाला. १९८० सालीं २ कोटी १० लक्ष डॉलरांवर तडजोड झाली. सामुदायिक दावा ही काय चीज आहे, हें समजावयास याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण. लेरॅकचें पुढें जें झालें तें ऐकतांना हीं म्हातारीं माणसें विसरून चालणार नाहीं.

या वकिलांना पैसे कसे मिळतात, हें येथें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत वकिलानें दाव्याचा सगळा खर्च स्वतः सोसावा, हरला तर कपाळाला हात लावावा आणि जिंकला तर मिळालेल्या रकमेंतून पाव हिश्शाच्या आसपास, कधीं त्याहूनहि अधिक, वांटा घ्यावा, अशी वहिवाट आहे. सामुदायिक दाव्यांत हा वांटा न्यायाधीश मंजूर करतो. आपल्याकडे निकालावर अवलंबून असलेली फी ठरविण्यास वकील परिषदेच्या नियमांनीं मनाई आहे. कज्जेदलाली बोकाळूं नये हा तिचा हेतु. आणि तो वाईट आहे असें कोण म्हणेल? पण त्याची किंमत कोण देतो तें २००९ सालीं दिसलें. त्या वर्षाच्या जानेवारींत हैदराबादच्या सत्यम् कंपनीच्या अध्यक्षानें खोट्या हिशेबांची कबुली दिली. सत्यमचे भाग न्यूयॉर्कच्या बाजारांत विकत घेणाऱ्यांच्या वतीनें तेथें सामुदायिक दावे झाले, आणि २०११ सालीं कंपनीकडून १२ कोटी ५० लक्ष व तिच्या हिशेबतपासनिसांकडून २ कोटी ५५ लक्ष डॉलर देण्याचें ठरलें. त्याच कंपनीचे भाग मुंबईच्या बाजारांत घेणाऱ्यांच्या वतीनें एक संघटना ग्राहक आयोगाकडे व तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे गेली. दोन्ही ठिकाणीं दारावरूनच तिला परत यावें लागलें. कंपनी एक, लबाडी एक. फरक एवढाच कीं एका किनाऱ्यावर दावा अंगावर घेणारा वकील होता आणि दुसऱ्या किनाऱ्यावर नव्हता. पुढें २०१३ च्या कंपनी कायद्यांत २४५ वें कलम घालून भागधारकांना सामुदायिक दाव्याचा हक्क देण्यांत आला व तें कलम २०१६ सालीं अंमलांत आलें. फीचा नियम मात्र जेथल्या तेथें राहिला.

तिकडे अमेरिकेंत लेरॅकच्या हातीं आणखी एक शस्त्र आलें. फसवणुकीच्या दाव्यांत वादीनें सिद्ध करावयाचें असतें कीं, प्रतिवादीच्या खोट्या शब्दावर आपण विसंबलों. भागधारक लाखभर असले तर लाखभर माणसांनीं काय वाचलें, कशावर विश्वास ठेवला, हें कसें शाबीत करावें? १९८८ सालीं बेसिक विरुद्ध लेव्हिन्सन या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें ही अडचण दूर केली. खुल्या बाजाराचा भाव सर्व माहिती शोषून घेतो; खोटी माहिती पसरली तर भावच खोटा होतो; आणि त्या भावावर विसंबून जो कोणी भाग घेतो तो फसला असें गृहीत धरावें, असें न्यायालयानें म्हटलें. आतां कोणा एकाची साक्ष काढण्याचें कारणच उरलें नाहीं. भाव गडगडला, त्याच्या आधीं कंपनीनें कांहीं गोडगोड सांगितलें होतें, आणि तिच्या अधिकाऱ्यांनीं त्याच सुमारास स्वतःचे भाग विकले होते, एवढें दिसलें कीं दावा तयार.

सिलिकॉन व्हॅलींतील नव्या नव्या कंपन्यांचे भाव तर रोज वरखालीं होत. तेथील चालकांच्या तोंडीं लेरॅकच्या नांवाचें क्रियापदच झालें: अमुक कंपनी 'लेरॅक्ड' झाली, म्हणजे तिच्यावर दावा पडला. कांहीं दावे खरे, कांहीं पोकळ. पण पोकळ दावाहि लढवीत बसण्यापेक्षां विमा कंपनीकडून कांहीं रक्कम देववून मोकळें व्हावें, हें चालकांना स्वस्त पडे. आणि निकालाचा धोका पत्करण्यापेक्षां तडजोडींतला वांटा घ्यावा, हें वकिलांना सोयीचें पडे. सौदा दोघांनाहि मानवला कीं ज्याच्या नांवानें सौदा झाला त्या गैरहजर तिसऱ्याला काय मिळालें, हें विचारणारा एकटा न्यायाधीश. आणि त्याच्यापुढें दोन्ही पक्ष हात जोडून एकच गोष्ट सांगत असतात.

याच्या उलट लिंकन सेव्हिंग्जचें प्रकरण. कॅलिफोर्नियांतील या बँकेच्या शाखांत ठेवी ठेवण्यास येणाऱ्यांना, त्यांतून विशेषतः वृद्धांना, बँकेच्या मालक कंपनीचे रोखे गळ्यांत मारण्यांत आले होते. चार्ल्स कीटिंग हा तिचा सूत्रधार. १९८९ सालीं सगळा डोलारा कोसळला आणि सुमारें २३ हजार रोखेधारक नागवले गेले. वादीपक्षाच्या वकिलांत लेरॅक अग्रभागीं होता. १९९२ सालीं ज्यूरीनें ३३० कोटी डॉलरांचा निकाल दिला. कीटिंगकडून तो वसूल होणें नव्हतेंच. पण ज्या हिशेबतपासनिसांनीं व वकिलांनीं त्याच्या कारभारावर शिक्के मारले होते त्यांच्याकडून सुमारें २४ कोटी डॉलर निघाले. लुटारूच्या पाठीशीं पगारी सभ्य माणसें उभीं असतात आणि पैसा त्यांच्याकडे असतो, हें लेरॅकनें ओळखलें होतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. अशा दाव्यांत अशील कोण? १९९३ सालीं एका व्यापारी नियतकालिकाशीं बोलतांना लेरॅकनें फुशारकीनें म्हटलें कीं, आपली वकिली जगांत उत्तम, कारण आपल्याला अशीलच नाहींत. साधा वकील अशिलाचा हुकूम ऐकतो. याला हुकूम करणारा कोणी नव्हता. मात्र कागदावर एक तरी वादी लागतोच, आणि येथेंच पाणी मुरत होतें. ज्या वकिलाचा दावा प्रथम दाखल होईल त्याच्याकडे बहुधा सगळ्या प्रकरणाचें नेतृत्व जाई, व नेतृत्वाबरोबर फीचा मोठा भागहि जाई. त्यामुळें भाव पडल्याची बातमी येतांच वकिलांची शर्यत लागे. घाई इतकी कीं, १९९३ सालीं तंबाखूच्या एका बड्या कंपनीवर दाखल झालेल्या दाव्यांत तिला खेळण्यांच्या धंद्यांत यश मिळाल्याचा उल्लेख राहून गेला. जुन्या दाव्याची नक्कल करतांना तेवढा शब्द बदलावयाचा विसरला होता. या शर्यतींत पुढें राहावयाचें तर ज्याच्यापाशीं पुष्कळ कंपन्यांचे थोडेथोडे भाग आहेत आणि जो हांक मारतांच सही करील असा वादी आधींपासून तयार पाहिजे. तो फुकट कां तयार राहील?

मिलबर्ग वाइसच्या भागीदारांनीं अशा वाद्यांना आपल्या फींतून गुप्तपणें हिस्सा देण्यास सुरुवात केली. सरकारच्या आरोपपत्राप्रमाणें हा प्रकार पंचवीस वर्षें चालला. दीडशेंहून अधिक दाव्यांत मिळून १ कोटी १३ लक्ष डॉलर वांटले गेले, आणि त्याच दाव्यांत पेढीला २० कोटींहून अधिक डॉलर फी मिळाली. रक्कम मधल्या वकिलांमार्फत, दुसऱ्या कामाचा मेहनताना म्हणून दाखवून, दिली जाई. आणि प्रत्येक दाव्यांत तो वादी न्यायालयापुढें शपथेवर सांगे कीं, इतर भागधारकांना जें मिळेल त्याहून अधिक आपण कांहींहि घेणार नाहीं.

लेरॅकच्या बाजूनें पुढें असें सांगण्यांत आलें कीं, हा पैसा वकिलांच्या खिशांतून गेला. भागधारकांची एक कवडीहि कमी झाली नाहीं. वरवर पाहतां हें खरें वाटतें. पण सामुदायिक दाव्यांत तो एक वादी हाच काय तो सर्वांचा पहारेकरी. वकिलानें फार फी मागितली तर हरकत घ्यावयाची ती त्यानें. तडजोड फार स्वस्तांत होत असेल तर अडवावयाची ती त्यानें. त्यालाच फींत भागीदार केल्यावर फी जितकी मोठी तितका त्याचा लाभ मोठा. चोरी न करतांहि पहारेकरी विकत घेतां येतो, आणि घर उघडें पडतें तें त्यामुळेंच.

या गुप्त व्यवहाराची कुजबुज बाहेर होतीच. १९९५ च्या डिसेंबरांत काँग्रेसनें भागधारकांच्या दाव्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. अध्यक्ष क्लिंटन यांनीं तो नाकारला असतां दोन तृतीयांश मतांनीं तो पुन्हा मंजूर झाला. प्रथम दाखल करणाऱ्याकडे नव्हे, तर ज्याचें नुकसान सर्वांत मोठें त्याच्याकडे दाव्याचें नेतृत्व जावें. एकाच माणसानें तीन वर्षांत पांचाहून अधिक दाव्यांत पुढाकार घेऊं नये. दावा प्रथमदर्शनीं टिकतो असें ठरेपर्यंत कंपनीचे कागद मागतां येऊं नयेत. असे त्याचे मुख्य नियम. हा कायदा एका माणसावर रोंखलेला आहे, असें उघड बोललें जाई. गंमत अशी कीं, त्या माणसाचें त्यानें कांहीं बिघडलें नाहीं. मोठें नुकसान कोणाचें? कामगारांच्या व सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतनाच्या फंडांचें. लेरॅक त्यांच्याकडे गेला, आणि त्याला प्रथमच खरेखुरे अशील मिळाले.

त्याची दुसरी बाजूहि याच काळांत चव्हाट्यावर आली. शिकागोचे कायद्याचे प्राध्यापक डॅनियल फिशेल हे त्याच्याविरुद्ध तज्ज्ञ म्हणून वारंवार साक्ष देत. लिंकन सेव्हिंग्जच्या दाव्यांत लेरॅकच्या पेढीनें फिशेल यांच्या सल्लागार संस्थेलाच प्रतिवादी करून टाकलें. संस्थेनें उलट दावा लावला. १९९९ सालीं ज्यूरीनें साडेचार कोटी डॉलरांचा निकाल दिला व अखेर ५ कोटी देऊन पेढीला तें मिटवावें लागलें. दाव्याचें हत्यार न्यायासाठीं उपसतां येतें तसें सूडासाठींहि उपसतां येतें, हें तेव्हां दिसलें.

२००१ च्या डिसेंबरांत एन्रॉनचें दिवाळें वाजलें. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळें या कंपनीचें नांव महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक होतेंच. २००२ च्या जानेवारींत लेरॅक ह्यूस्टनच्या न्यायालयाशीं आला तो एन्रॉनच्याच कचेरींत फाडून चिंध्या केलेल्या कागदांचें खोकें घेऊन. वर्तमानपत्रांत त्याचीं छायाचित्रें झळकलीं. सुमारें १४ कोटी ५० लक्ष डॉलर गमावलेलें कॅलिफोर्निया विद्यापीठ दाव्याचें मुख्य वादी झालें आणि लेरॅक त्याचा वकील. कंपनीजवळ कांहीं उरलें नव्हतें. लेरॅकनें मोर्चा वळविला तो तिला खोटे हिशेब सजविण्यास मदत करणाऱ्या बँकांकडे. सिटीग्रूपनें २०० कोटी, जे. पी. मॉर्गन चेसनें २२० कोटी आणि कॅनडाच्या इम्पीरियल बँकेनें २४० कोटी डॉलर देण्याचें कबूल केलें. इतरांचें मिळून एकूण रक्कम सुमारें ७२० कोटी डॉलरांवर गेली. तोंपर्यंतच्या अशा दाव्यांत एवढी भरपाई कोणीहि मिळविली नव्हती. या दाव्यांत कोणा वाद्याला लांच दिल्याचा आरोप झाला नाहीं. देण्याची गरजच उरली नव्हती.

पण जुनें पाप मागून येत होतें, आणि तें आलें एका भलत्याच वाटेनें. बेव्हर्ली हिल्समधील एका नेत्रवैद्यानें आपल्या घरचीं मोने व पिकासो यांचीं चित्रें चोरीस गेल्याचा देखावा करून कोट्यवधि डॉलरांचा विमा उकळला होता. चित्रें पुढें दुसऱ्या शहरांतील एका गुदामांत सांपडलीं व १९९९ सालीं तो दोषी ठरला. शिक्षा कमी व्हावी म्हणून त्यानें सरकारला एक माहिती देऊं केली: मिलबर्ग वाइसच्या कित्येक दाव्यांत आपण पैसे घेऊन वादी झालों होतों! तपासाला वर्षें लागलीं. २००४ सालीं पेढी दुभंगून लेरॅकनें आपली निराळी पेढी काढली. २००६ च्या मे महिन्यांत मूळ पेढीवर आरोपपत्र ठेवण्यांत आलें. २००७ सालीं जुन्या भागीदारांपैकीं एकानें गुन्हा कबूल करून सरकारशीं सहकार्य सुरू केलें. त्याच वर्षीं लेरॅकनेंहि कटाचा एक आरोप मान्य केला. एन्रॉनच्या दाव्याला आपल्या प्रकरणाचा कलंक लागूं नये म्हणून तो त्याआधींच पेढींतून बाहेर पडला होता.

२००८ च्या फेब्रुवारींत लॉस एंजेलिस येथें न्यायमूर्ति जॉन वॉल्टर यांनीं त्याला दोन वर्षांची कैद आणि अडीच लक्ष डॉलर दंड सांगितला; ७७ लक्ष ५० हजार डॉलर त्याला सरकारजमा करावे लागले. जूनमध्यें वाइसला तीस महिन्यांची शिक्षा झाली. पेढीनें साडेसात कोटी डॉलर भरून स्वतःवरील खटला मिटविला. ज्या कंपन्यांच्या चालकांना लेरॅकनें तीस वर्षें कोर्टाच्या पायऱ्या चढावयास लावलें होतें त्यांना त्या दिवशीं किती आनंद झाला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. लेरॅकनें मात्र न्यायालयाबाहेर म्हटलें कीं, हा प्रकार त्या धंद्यांत सर्रास चालत असे. त्यावर त्याचेच समव्यवसायी संतापले. २००९ सालीं त्याची सनद गेली; २०१० सालीं तो सुटला. वाइस २०१८ सालीं वारला.

एन्रॉनच्या रकमेची वांटणी न्यायालयानें २००८ च्या सप्टेंबरांत मंजूर केली. वकिलांची फी ६८ कोटी ८० लक्ष डॉलर ठरली, म्हणजे शेंकडा दहाहूनहि कमी. फीचा हा दर आधींच ठरवून घेतलेला होता आणि तो ठरवून घेणारें विद्यापीठ खरें अशील होतें. भागधारक व इतर दावेदार मिळून सुमारें पंधरा लक्ष. एके काळीं नव्वद डॉलरांपर्यंत चढलेल्या एका भागामागें त्यांना सरासरी पावणेसात डॉलरांच्या आसपास मिळणार होते. ही फी आणि ही वांटणी मंजूर झाली तेव्हां लेरॅक कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत होता.